ट्रिम तुमची चुकली, काका

गेले ते ४६,५०० रुपये. तीन हप्त्यांत, यूपीआयनं, माझ्याच बोटांनी. कुणी ओटीपी मागितला नाही की कुठली लिंक पाठवली नाही. मागवलेली रिमोटची छोटी पाणबुडी घरी आलीसुद्धा, चांगली बबल रॅपमध्ये गुंडाळून. म्हणूनच आपण फसलो हे कळायला मला दोन महिने लागले. तेवढा सगळा वेळ मी, चूक आपलीच आहे असं समजून, बोटीला शिसं लावत होतो आणि काढत होतो.

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये २८ वर्षं काढली. हात शिवशिवत असतात, म्हणून निवृत्तीनंतर रिमोटच्या बोटी करायला लागलो. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' ही पाणबुडी म्युझियम करून ठेवली आहे, ती आतून पाहिल्यापासून डोक्यात पाणबुडीच होती. मला मात्र करायची होती आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'कलवरी'. १४ डिसेंबर २०१७ ला नौदलात दाखल झाली ती. खरी बोट ६७.५ मीटर लांब. ७२ पट लहान केली की साधारण ९४ सेंटिमीटर होते. स्कूटरवर मागे धरून नेता येईल एवढी.

बाहेरचा सांगाडा करणं मला जड नव्हतं. अडत होतं ते आतलं. पाणबुडीच्या पोटात एक हवाबंद नळकांडं असतं, त्यात बॅटरी, मोटर, सर्व्हो (पंख-सुकाणू हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हर आणि पाणी आत घेऊन बोट बुडवणारी, बाहेर टाकून वर आणणारी टाकी. आणि रेडिओ हा माझा प्रांतच नाही. म्हणून मॉडेल करणाऱ्यांच्या ओळखीतून एकाचा नंबर मिळाला तेव्हा हायसं वाटलं. अख्खी बोटच त्याच्याकडून करून घ्यायचं ठरवलं. मुलगा गोड बोलायचा. "काका, तुम्ही फक्त पाण्यात सोडायची. ट्रिम करूनच पाठवतो." (ट्रिम म्हणजे शिसं आणि फोम लावून बोट पाण्यात सपाट आणि हवी तेवढी वर बसवणं.) पिस्टनची टाकी ४०० मिलीची, रेडिओ ४० मेगाहर्ट्झचा, नळकांडं पाच मीटर खोलीपर्यंत टेस्ट केलेलं. आधी १५,००० घेतले, मग सांगाड्याचा फोटो पाठवून २०,०००, आणि कुरिअरच्या आदल्या दिवशी ११,५००.

मध्ये एक व्हिडिओ आला. पोहण्याच्या तलावात बोट पळते, नाक खाली घालते, दिसेनाशी होते, पुन्हा वर येते. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. बायकोला दाखवला, वॉचमनला दाखवला. पुढे जे जे बिघडलं ते सगळं त्या व्हिडिओत आधीच दिसत होतं. मला मात्र बोट बुडाली याचाच आनंद.

बोट आली. गच्चीवर फळ्या आणि ताडपत्रीचा हौद केला, सव्वा मीटर लांब. (सोसायटीच्या चेअरमननी स्लॅबवर किती वजन येतंय ते विचारलं. रास्त होतं. अर्धं पाणी कमी केलं.) बोट सोडली तर नुसता वरचा मनोरा पाण्याबाहेर, बाकी सगळी पाण्याखाली. टाकी रिकामी असताना! खरी कलवरी पृष्ठभागावर असते तेव्हा पाठ चांगली वर दिसते. फोन केला.

"काका, प्रवासात ट्रिम हलते. थोडं शिसं काढा."

शिसं काढलं. बोट वर आली, छान पाण्यावर बसली. आता टाकी भरली तर बुडेचना. नुसती शेपूट खाली घालून तिरकी उभी राहिली, गवतात बसलेल्या बेडकासारखी.

"मग जास्त काढलंत काका. आणि पुढे थोडं फोम लावा."

असं आठ आठवडे. रोज संध्याकाळी पाच-दहा ग्रॅम इकडचे तिकडे. फोन केला की तो शांतपणे ऐकायचा आणि शेवटी तेच: ट्रिम तुमची चुकली. या धंद्यातली ही फार सोयीची पळवाट आहे. गिऱ्हाइकानं हात लावल्याशिवाय पाणबुडी चालतच नाही, आणि एकदा हात लावला की दोष गिऱ्हाइकाचा. मलाही ते पटायचं. टूलरूमच्या माणसाला 'सेटिंग तुमचं चुकलं' म्हटलं की तो आधी स्वतःचंच सेटिंग तपासतो.

नवव्या आठवड्यात मेहुण्याच्या शेतावर गेलो, सिन्नरकडे. मोठं शेततळं आहे, प्लास्टिकचा कागद घातलेलं. पुन्हा शिसं भरून मनोऱ्यापुरती वर ठेवली, व्हिडिओत होती तशी, आणि वेग दिला. बुडाली! भाचा ओरडला, मी ओरडलो. मग रिमोटची काडी मागे ओढली. बोट वर आली नाही. पुन्हा ओढली. पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ तळ्याच्या मध्याकडे गेली आणि थांबली.

विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ असतो ना, तो दोराला बांधून दोन तास फेकत बसलो. कागदाला भोक पडेल म्हणून मेहुणा काठावर जीव मुठीत धरून उभा. (कागद घातलेल्या शेततळ्यात कुणीही उतरू नका. उतार शेवाळलेला असतो, पाय ठरत नाही, वर येता येत नाही. बोट गेली तर जाऊ द्या.) शेवटी मनोऱ्याला गळ अडकला. वर आली तेव्हा पंखा फिरतच होता. नळकांड्यात पेलाभर पाणी.

त्या रात्री बोट जेवणाच्या टेबलावर उघडली. इतके दिवस तो म्हणायचा, सील फोडलं तर वॉरंटी जाईल. झाकणांना ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं गोल रबरी कडं, नव्हतीच, बाथरूमला लावतात तो सिलिकॉन फासला होता. एवढ्यावरून मला खरं तर पहिल्याच दिवशी समजायला हवं होतं. आयुष्यभर ओ-रिंगचे खाचे कापले मी.

भाच्यानं रिसीव्हर हातात घेतला आणि म्हणाला, "मामा, हा चाळीसचा नाहीये. ही अँटेना बघ ना, बोटाच्या दोन पेरांएवढी."

रिमोटवर '४०' लिहिलेलं स्टिकर होतं. नखानं खरवडलं, तर खाली २.४ गिगाहर्ट्झ. हल्ली विमानं, गाड्या, ड्रोन सगळे त्याच्यावरच चालतात, आणि हवेत ते उत्तमच. पण पाणी या लहरी शोषून घेतं. आपला मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण याच लहरींवर अन्नातलं पाणी तापवतो. वीतभर पाण्याखाली गेलं की रिमोट मुका. म्हणून पाणबुडीवाले आजही जुन्या पद्धतीचे रेडिओ जपून ठेवतात, युरोपात ४० मेगाहर्ट्झचे, अमेरिकेत ७५ चे. ते गोड्या पाण्यात काही मीटर खोल पोचतात. समुद्राच्या पाण्यात तेही नाही, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं आणि लहर तिथेच मरते. ओळखायला काही शिकावं लागत नाही. ४० च्या रिमोटला ओढून लांब करायची हातभर अँटेना असते आणि रिसीव्हरला लांबलचक वायर. माझ्या हातातला रिमोट दोन महिने मला ते सांगत होता.

चांगल्या बोटीत संपर्क तुटला की आपोआप टाकी रिकामी होऊन बोट वर येते. माझ्या रिसीव्हरनं शेवटचा हुकूम धरून ठेवला: नाक खाली, पूर्ण वेग. तशीच बोट चिखलात जाऊन रुतली.

आता टाकी. पिस्टनची म्हणून जी सांगितली होती, त्या निघाल्या ६० मिलीच्या दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या, खेळण्यातल्या मोटरला जोडलेल्या. म्हणजे ४०० नाही, १२० मिली. आणि बसवल्या कुठे? मागे, मोटरशेजारी, बोटीच्या मध्यापासून १४ सेंटिमीटर. का, तर तिथे जागा होती.

इथे जरा थांबतो, कारण हेच समजलं असतं तर मी आठ आठवडे वाया घालवले नसते. टाकी किती मोठी हवी? बोटीचा जेवढा घन भाग पाण्यावर दिसतो, म्हणजे सांगाड्याची वरची साल, मनोरा, वरचा फोम, तेवढ्याच आकारमानाचं पाणी टाकीत मावलं पाहिजे. आतून पाणी खेळतं त्या पोकळ जागेचा हिशेब धरायचा नाही. मी वरचा भाग सुटा करून काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवला आणि सांडलेलं पाणी मापात धरलं. २१० मिली. टाकी १२० ची. उरलेले ९० कुठून आणायचे? एक तर बोट पृष्ठभागावर नीट बसेल आणि बुडणार नाही, किंवा बुडेल पण पृष्ठभागावर नीट बसणार नाही. शिसं हलवून यातून सुटका नाही.

शेपटीचंही तेच. टाकी मध्यावर नसेल तर रिकामी असताना सपाट केलेली बोट भरल्यावर मागे बसते, आणि भरलेली असताना सपाट केली तर रिकामी झाल्यावर नाक खुपसते. आठ आठवडे मी पुढे फोम लावून जे दुरुस्त करू पाहत होतो, ते दुरुस्त होणारच नव्हतं.

आणि फोम म्हणून त्यानं सोबत दिला होता साधा पांढरा थर्माकोल, दाण्यांचा. त्याच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी शिरतं. वजन करून पाण्यात दाबून ठेवला, दोन तासांनी १४ ग्रॅम जड. म्हणजे सकाळी केलेली ट्रिम दुपारी टिकायची नाही. लागतो तो बंद छिद्रांचा, दाबून काढलेला निळा किंवा गुलाबी फोम. तोही जागा पाहून लावावा लागतो: पाणरेषेखाली लावला तर बोटीला दोन्ही वेळी उचलतो, पाणरेषेवर लावला तर बुडाल्यावरच उचलतो. शिसं अगदी तळाला. मग बोट हातानं कुशीवर आडवी करून सोडायची, आपणहून सरळ झाली पाहिजे. आणि टाकी भरल्यावरही मनोऱ्याचं टोक केसभर वर राहील इतकी हलकी ठेवायची, म्हणजे बॅटरी संपली तरी बोट आपली आपल्याला मिळते.

एवढं कळल्यावर व्हिडिओ पुन्हा लावला. बोट सुरुवातीपासूनच मनोऱ्यापुरती वर. पूर्ण पाठ कुठेच दिसत नाही. एकदाही थांबत नाही. पळते, पंखांच्या जोरावर नाक खाली घालते, आणि वेग कमी झाला की आपोआप वर येते. टाकी वापरलेलीच नाही. वीतभराच्या खाली गेलेलीच नाही. आणि भाच्याला सांगाड्याच्या फोटोत मागे भिंतीवरचा सॉकेट दिसला: तीन चपट्या भोकांचा, आपल्याकडे नसतो तसला. फोटो दुसऱ्याच कुणाच्या बोटीचा होता.

फोन केला. सगळं मोजमापांसकट सांगितलं, १२०, २१०, १४ सेंटिमीटर. तो म्हणाला, "काका, तुम्ही सील उघडलंत. आता मी काही करू शकत नाही." दुसऱ्या दिवसापासून नंबर लागेना.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे स्वतः पाठवले, वस्तू मिळाली, अनेक आठवडे झाले. तक्रार नोंदवली, पण हा विषय ग्राहक आयोगाचा असं मला सांगण्यात आलं. ओटीपीच्या फसवणुकीत पहिले काही तास मोलाचे असतात, इथे मी ते शिसं कापण्यात घालवले होते. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, आणि विकणारा कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. केली आहे. कामाला काय आलं? त्याचे व्हॉइस मेसेज, जे मी पुसले नव्हते, आणि '४०० मिली, ४० मेगाहर्ट्झ' असं त्यानं लिहून पाठवलेलं. 'ट्रिम करून देतो' याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. मिली आणि मेगाहर्ट्झला आहे. बोट उघडण्याआधीचे फोटो मात्र मी काढले नाहीत, आणि वकिलानं पहिला प्रश्न तोच विचारला.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, सहा हजारांचा मिक्सर घेताना दुकानात तीनदा चालू करून बघितला होतात तुम्ही."

गेल्या महिन्यात भाच्यानं स्वतःच्या नंबरवरून त्याला मेसेज टाकला, पाणबुडी हवी आहे म्हणून. पाच मिनिटांत उत्तर: तोच तलाव, तीच बोट, तोच व्हिडिओ. भाच्यानं लिहिलं, "दादा, मोटर बंद ठेवून एका जागी बुडवून दाखवा, मिनिटभर पाण्याखाली थांबवा आणि वर आणा. शेजारी रिमोटची अँटेना दिसू द्या."

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.