ही उतरली, मी नाही

पनामा कालव्याच्या दिवशी बोटीवरच थांबायचं की पैसे भरून किनाऱ्यावरच्या सहलीला जायचं, यावर आमच्या घरात पावसाळाभर वाद चालला. निकाल लागला तो असा की ही उतरली आणि मी नाही उतरलो. त्यामुळे हे परीक्षण दोघांचं आहे. लिहितोय मी, म्हणून माझी बाजू थोडी जड होणार, ते समजून घ्यावं.

मी गोव्यातल्या माशेलचा. नोकरी सगळी पाण्याच्या खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं ओपाच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रात. मुलगी फ्लोरिडात असते. तिने आम्हा दोघांचं फोर्ट लॉडरडेलहून निघून तिथेच परत येणाऱ्या अकरा रात्रींच्या क्रूझचं बुकिंग केलं. मधे आरुबा, कोलंबियातलं कार्ताहेना, पनामा आणि कोस्टा रिकाचं लिमोन. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. अमेरिकेचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असून भागत नाही, कारण शेवटी परत तिथेच उतरायचं असतं.

दुसरी गोष्ट, जी आम्हाला आधी कोणी नीट सांगितली नाही. अशा फेरीत बोट कालवा पार करत नाही. पहाटे अटलांटिकच्या बाजूने आत शिरते, गाटूनच्या लॉकमधल्या (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणाऱ्या कोठ्या म्हणजे लॉक) तीन पायऱ्या चढते, वरच्या तळ्यात नांगर टाकते, सहलीवाल्यांना छोट्या बोटींतून किनाऱ्याला पोचवते आणि त्याच तीन पायऱ्या उतरून समुद्रात परत येते. संध्याकाळी कोलोनच्या धक्क्याला लागते, सहलीवाले बसने तिथे येऊन चढतात. तळ्यात उतरायला मिळतं ते फक्त सहलीचं तिकीट असलेल्यांनाच. बाकीच्यांनी कोलोन येईपर्यंत बोटीवरच राहायचं. पूर्ण कालवा ओलांडून पॅसिफिकला जाणारी क्रूझ वेगळी असते, लांबही आणि महागही.

सहलीच्या काउंटरवरच्या बाईंनी मात्र मला सांगितलं की बोट दिवसभर तळ्यात उभी असते, वर बसून काय करणार, कंटाळाल. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण हे सपशेल चुकीचं होतं. मला वाचवलं ते जेवणघरातल्या, सासष्टीतल्या बाणावलीच्या एका पोराने. आम्ही दोघं आपसात कोंकणी बोलताना ऐकून तो पहिल्याच रात्री टेबलाशी आला होता. बोटीवर सासष्टीतलं माणूस भेटलं नाही असं होतच नाही म्हणा. तो म्हणाला, "दादा, आयज भायर वचूं नाका. देंवताना पळयात." म्हणजे आज बाहेर जाऊ नका, उतरताना बघा.

साडेपाचला वर गेलो तर पुढच्या डेकवरच्या खुर्च्या टॉवेल टाकून आधीच अडवलेल्या. माणसं कुठे नाहीत, नुसते टॉवेल! बसमध्ये रुमाल टाकून जागा धरणं ही आपलीच खोड आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि ते बरंच झालं. बाल्कनीच्या खोलीसाठी आम्ही जास्तीचे पैसे मोजले होते, पण कालव्याच्या दिवशी बाल्कनीचा उपयोग नाही. समोर एक काँक्रीटची भिंत वर-खाली होताना दिसते, तेवढंच. त्या दिवशी बोटीचं एरवी बंद असलेलं नाकही प्रवाशांना उघडतात. खरा तमाशा तिथून.

लॉकच्या आधी अटलांटिक पूल लागतो, दोरांवर तोललेला, २०१९ चा. आपला मांडवीवरचा अटल सेतूही त्याच वर्षीचा आणि त्याच जातीचा. त्याखालून जाताना माशेलच्या माणसाला उगाच घरच्यासारखं वाटतं.

मग दोन माणसं चक्क वल्ह्याच्या होडीतून आली. एवढी अजस्र बोट, शंभर वर्षांची यंत्रणा, आणि पहिला दोर घ्यायला दोघंजण होडी वल्हवत येतात! दोन्ही काठांवर रुळांवरून चालणारी इंजिनं असतात, त्यांना म्यूल म्हणजे खेचरं म्हणतात. आधी खरोखर खेचरं असतील असं हिला वाटलं होतं. आहेत मित्सुबिशीची. बोट पुढे जाते स्वतःच्याच जोरावर, ही खेचरं तिला दोरांनी तोलून मधोमध धरतात, कारण जुन्या लॉकची रुंदी ३३.५ मीटर आणि आमची बोट ३२ च्या वर. दोन्ही बाजूंना हातभर जागा. कुठल्याही बंदरात पायलट, म्हणजे वाट दाखवायला बोटीवर चढणारा तिथला जाणकार, कप्तानाला सल्ला देतो, इथे कालव्याचा पायलट बोटीचा ताबाच घेतो. हातभर जागा पाहिल्यावर का ते कळतं.

पंप कुठेच नाही, हे मला सगळ्यात आवडलं. वरच्या तळ्यातलं पाणी नुसत्या उताराने खाली येतं, कोठी भरते, बोट वर उचलली जाते. तीन कोठ्यांत मिळून २६ मीटर. दरवाजे दोन पाखांचे, मिटताना वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, म्हणजे पाणी जितकं जोराने रेटेल तितकं दार घट्ट बसतं. आमच्या खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस हेच करते. भरतीचं पाणी चढलं की मानशीची फळी आपसूक मिटते, ओहोटीला आपसूक उघडते, शेतात खारं पाणी शिरत नाही. पनामातलं दार सातशे टनांचं आणि आमची फळी दोन माणसांनी उचलण्यातली, पण तत्त्व एकच. हे मी शेजारच्या जर्मन गृहस्थाला समजावायला गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि थोड्या वेळाने जागा बदलली.

साडेनऊला तळ्यात पोचलो आणि ही गेली. हिची सहल चाग्रेस नदीवरच्या एम्बेरा आदिवासींच्या गावची, माणशी दीडशे डॉलरच्या वर. तासाभराहून जास्त बस, मग लाकूड कोरून केलेल्या लांब होडीतून, मागे मोटर लावून, वर गावापर्यंत. हिचं म्हणणं, ती होडी एकटीच दीडशे डॉलरची आहे. दोन्ही काठांना दाट रान, पाणी उथळ, पुढे बसलेला पोरगा बांबूने तळ चाचपत होता. "आपली म्हादईच, फक्त कर्नाटकाशी भांडण नसलेली," असं ही म्हणाली. जेवायला तळलेला तिलापिया आणि कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले काप, पानाच्या द्रोणात. मीठ कमी, पण काप आपल्या चवीला जवळचे. बायकांनी रंगीत लुंगीसारखी वस्त्रं नेसलेली. नाच झाला, विकायला टोपल्या मांडल्या, आणि जागुआ नावाच्या फळाच्या रसाने हातावर नक्षी काढून दिली. हिला अवघडल्यासारखं झालं ते नाचाच्या वेळी. "आपण बघायला आलोय आणि ती दाखवायला उभी आहेत, रोज, बस आली की," म्हणाली. ते तिने दोनदा सांगितलं, म्हणून इथे लिहिलं. बाकी तक्रार एकच, बसमध्ये फार वेळ गेला.

मी इकडे तळ्यात. हे तळं नैसर्गिक नव्हे. चाग्रेस अडवून १९१३ मध्ये भरलेलं, सव्वाचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. दिसतात ती बेटं म्हणजे बुडालेल्या डोंगरांचे माथे. बोटीवर माणसं निम्मी उरली होती, खुर्च्या मोकळ्या, कॉफीला रांग नाही. ध्वनिक्षेपकावर एक बाई माहिती सांगत होत्या, काम चांगलं करत होत्या, पण मिनिटभर गप्प बसवत नव्हतं त्यांना. फ्रेंचांनी १८८१ मध्ये काम सुरू केलं आणि पिवळ्या तापाने, हिवतापाने माणसं हजारोंनी मेली. अमेरिकेने १९०४ नंतर आधी डासांवर हल्ला केला, मग डोंगरावर, आणि १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा उघडला. पोर्तुगीजांची जुन्या गोव्यातली राजधानी रोगराईने ओस पडलेली आमच्या घरापासून खाडीपलीकडेच, त्यामुळे हा भाग मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुपारी बोट वळली आणि उतरायला लागली. माझं मत इथेच ठरलं. चढताना कुठे बघायचं तेच कळत नाही. खेचरं बघू, होडी बघू की दार बघू, यात पहिली कोठी निघून जाते. समोर असतो तो नुसता बंद दरवाजा. उतरताना मात्र आपण वर असतो. पुढच्या दोन कोठ्या पायऱ्यांसारख्या खाली दिसतात, त्यांच्यापलीकडे अटलांटिक, बाजूच्या रांगेत एक मालवाहू बोट आपल्या उलट हळूहळू वर येताना दिसते. तिचा एक खलाशी माझ्या बरोबरीला आला, हात हलवला, आणि मी खाली गेलो. खाली सोडलेलं पाणी सगळं गोडं, एका बोटीच्या पूर्ण प्रवासाला सुमारे २० कोटी लिटर, आणि तेच तळं पनामा सिटीला आणि कोलोनला प्यायला पाणी पुरवतं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा रोजच्या छत्तीसेक बोटींचा आकडा २४ च्या आसपास आणावा लागला होता. ओपाला उन्हाळ्यात नदीची पातळी बघत बसलेल्या माणसाला हे बघताना पोटात जरा कालवतं. शेजारी नव्या लॉकमध्ये, २०१६ च्या, पाणी साठवून पुन्हा वापरायच्या टाक्या आहेत. वरून अर्धवट दिसतात.

सहलीवाल्यांचं हे उतरणं हुकतं. माहितीपत्रकात याबद्दल ओळही नाही.

पण एक हळहळ मलाही आहे. सहलींच्या यादीत एक छोट्या बोटीची सहल होती, तळ्यातून कुलेब्राची खोदलेली खिंड पार करून पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेसच्या लॉकमधून थेट पॅसिफिकला, आणि बसने परत. म्हणजे कालव्याचा जो भाग आमची बोट दाखवतच नव्हती, तो. काउंटरवरच्या त्याच बाई म्हणाल्या होत्या, "सेम थिंग, सर." सेम नव्हती. तिकिटं संपलेली असतील तर गोष्ट वेगळी, पण कालव्यासाठीच जाणाऱ्याने बोटीवरून उतरावं तर त्या एका सहलीसाठी. माकडांची बेटं, कयाक, रेल्वे, हे सगळं कालवा बघून झालेल्यांसाठी.

कोलोनला मी खाली उतरून धक्क्यावरच्या दुकानांत चक्कर मारली आणि परत आलो. त्यापलीकडे जाऊ नका, असं बोटीवरूनच बजावलं होतं.

कार्ताहेनाला मात्र बोटीवर थांबू नये. तिथे आम्ही कंपनीची सहल घेतली नाही, चौघांत टॅक्सी केली. तटबंदी, सान फेलिपेचा किल्ला, लाकडी सज्जे, सज्ज्यांवर बोगनवेल. ही म्हणाली, पणजीच्या फोंताइन्यांशला, त्या जुन्या पोर्तुगीज वस्तीला, कोणीतरी तट बांधून दिलाय. फक्त वेळेवर परत या. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

गुण द्यायचे तर बोटीला चार, जेवणाला तीन (डाळ म्हणून जे देत होते त्याबद्दल न बोललेलं बरं), सहलीच्या काउंटरला एक.

जागुआची नक्षी आठ दिवसांत जाईल असं हिला सांगितलं होतं. आम्ही घरी पोचलो तरी मनगटावर होती, आणि देवकीकृष्णाच्या देवळात तीन बायकांनी ती कुठे काढली म्हणून विचारलं. माझ्या मोबाइलमध्ये गाटूनचं दार मिटतानाचा दोन मिनिटांचा सलग व्हिडिओ आहे. तो अजून कोणी शेवटपर्यंत बघितलेला नाही.