कॉम्प्रेशन वाढवलं म्हणाले, पिस्टन जुनेच निघाले

माझी १९७३ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, कॅलिफोर्नियातून पुन्हा इंग्लंडात आलेली. तिकडच्या धुराच्या नियमांपायी अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते प्रमाण, ८.८वरून ८वर आणलं होतं. इंजिन नंबरात ‘एल’ (लो) असलं की समजायचं. इंजिन तेच १७९८ सीसीचं, पण चढावर दम लागायचा. म्हणून बर्मिंगहॅमजवळच्या एका वर्कशॉपला ते पूर्ण खोलून बांधायला दिलं. ठरलं होतं ते असं: सिलिंडर बोअर करून ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ) ओव्हरसाइज, सपाट माथ्याचे नवे पिस्टन, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण फेस करून (तळ घासून) कॉम्प्रेशन ९.५. सगळे मिळून ४,२०० पौंड.

काम झाल्यावर त्यांनी व्हिडिओ पाठवला. स्पार्क प्लगच्या जागी गेज लावलेला, काटा १८० पीएसआयवर. मी विश्वास ठेवला, उरलेले पैसे रोख दिले.

इथेच सावध राहा. गेजवर दिसतो तो दाब, कॉम्प्रेशन रेशो नव्हे. कॅम, थ्रॉटल, बॅटरी, सगळ्यांमुळे तो आकडा हलतो. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं तरी रिंगा घट्ट बसतात आणि काटा वर चढतो. पुढे मी घरी तपासलं तेव्हा कोरडा आकडा १३५ आला, ऑइल सोडल्यावर १८०!

‘९५ ऑक्टेनचं साधं पेट्रोल चालणार नाही’ असं बजावल्यामुळे आठ महिने महागडं सुपर पेट्रोल भरलं. चढावर गाडी तशीच रडत होती. विचारलं की एकच उत्तर: अजून हजार मैल चालवा, मोकळी होईल. शेवटी तीस पौंडांचा कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडला. मोबाईलवर पिस्टनचा माथा दिसला. सपाट नव्हता, बशीसारखा खोलगट होता, कमी कॉम्प्रेशनवाल्या पिस्टनचा असतो तसा. पोटात धस्स झालं.

मेहुण्याला हाताशी घेऊन हेड उतरवलं. सिलिंडरच्या वरच्या कडेला झिजेची पायरी नखाला लागत होती. बोअरिंग झालंच नव्हतं. मग चेंबरवर अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवून सिरिंजने रॉकेल भरत मापलं. चेंबर, गॅसकेट आणि पिस्टनचा खळगा मिळून ६४ सीसी भरले. एका सिलिंडरचे ४५० सीसी धरले तर हिशेब येतो ८ (४५० अधिक ६४, भागिले ६४). ठरल्याप्रमाणे बोअर वाढवून ९.५ आणायचं तर तिथे ५४ हवे होते. फक्त रिंगा बदलून जुनंच इंजिन माझ्या गळ्यात मारलं होतं.

वर्कशॉपने हात वर केले. वाचवलं ते २०० पौंडांच्या आगाऊ रकमेने, कारण तेवढीच क्रेडिट कार्डावर भरली होती. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५नुसार कामाची किंमत १०० ते ३०,००० पौंडांत असेल आणि थोडी रक्कम जरी कार्डावर दिली असेल, तरी पूर्ण कामासाठी कार्ड कंपनी जबाबदार धरता येते. स्वतंत्र इंजिनिअरचा अहवाल, माझे फोटो आणि मूळ कोटेशन जोडलं. कोटेशनमध्ये ‘९.५’ आणि ‘३० थाऊ’ लेखी होतं म्हणूनच निभावलं. तुम्हीही आकडे लिहून घ्या, आणि जुने पिस्टन परत मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच काम थांबवा.

पैसे परत यायला पाच महिने लागले. या वेळी दुसऱ्या मशीनिस्टने हेड चढवायच्या आधी मला बोलावलं. बोअरवर होनिंगच्या (बोअरिंगनंतर दगडाने घासण्याच्या) तिरक्या रेघा ताज्या होत्या. सिरिंज मी स्वतःच्या हाताने धरली. हिशेब ५४वर आला.