बॉक्स चांगलाच होता, आडवी आली ती भिंत
शहापुरातलं आमचं घर जुनं, जांभ्या दगडाच्या हातभर जाड भिंतींचं. फुल एचडी व्हिडिओ दर दोन मिनिटांनी अडकायचा, आईचं कीर्तन अर्धवट राहायचं. एका दुकानदारानं सरळ टीव्हीवर नेटचे व्हिडिओ दाखवणारा नवा बॉक्स घ्यायला सांगितलं. खडेबाजाराजवळच्या एका छोट्या दुकानातले काका मात्र घरी आले. मोबाईलवर वाय-फायचा वेग मोजला: राउटरपाशी ४०, टीव्हीपाशी जेमतेम ३ एमबीपीएस. १०८०पी म्हणजे फुल एचडीला साधारण ५ तरी लागतात. "बॉक्स चांगला हाय की वो, भिंत आडवी येतीय." ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय तर अशा भिंतीत आणखी लवकर दमतं. म्हणून त्यांनी राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ ही नेटची केबलच ओढली, चौकटीच्या कडेनं पट्टीत बसवून, एक खिळा वाकडा नाही. ७५० रुपये झाले. काल आईनं अख्खं कीर्तन एका बैठकीत ऐकलं.