शाखांच्या पीसीवर जेन्किन्सचा एजंट, काही महिने वापरल्यावर

मागच्या आठवड्यात जुन्या शेड्युलरवाल्यांचा (रात्रीची कामं ठरल्या वेळी आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) परत फोन आला, "सर, रिन्यूअलचं काय करताय?" काही करत नाही म्हटलं, त्याच कामाला आता जेन्किन्स हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. जुन्या कंपनीचं नाव घेत नाही, पण अनुभव लिहूनच टाकतो, कारण पतसंस्था, डेअरी असल्या ठिकाणी एकट्याने आयटी ओढणारे बरेच आहेत आणि या विषयावर जे काही सापडतं ते मोठ्या कंपनीतल्या डेव्हऑप्सवाल्यांसाठी लिहिलेलं असतं.

आमचं काम साधं. रात्री प्रत्येक शाखेच्या पीसीवर डेटाबेसचा बॅकअप काढायचा, झिप करून हेड ऑफिसला आणायचा, पिग्मीच्या फाइल जुळवायच्या, सकाळी रिपोर्ट तयार. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर स्वतः शाखेतल्या एजंटपर्यंत (पिग्मी एजंट नव्हे, शाखेच्या पीसीवर बसून सर्व्हरने सांगितलेलं काम करणारा छोटा प्रोग्रॅम) जायचा, म्हणजे प्रत्येक शाखेला स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता हवा, राउटरवर पोर्ट उघडा, वर एजंटमागे लायसन्स वेगळं. पीसी आमचा, वीज आमची, आणि त्यावर रात्री एक बॅच फाइल चालवायचे पैसे यांना! केबलवाला स्टॅटिक आयपीचं भाडं सांगतो तेव्हा चेअरमन माझ्याकडे असे बघतात जसं काही मीच त्यात कमिशन खातोय.

जेन्किन्समध्ये हे उलटं करता येतं. एजंट म्हणजे जावावर चालणारी एक जार फाइल, ती शाखेतून बाहेर सर्व्हरला जोडली जाते. २०२० मध्ये वेबसॉकेटची (नेहमीच्या वेब पोर्टवरूनच कायम जोडलेलं राहण्याची) सोय आली, तेव्हापासून त्यासाठी ते वेगळं ५०००० नंबरचं पोर्टपण उघडायला लागत नाही, ब्राउझर ज्या ४४३ वरून जातो त्यावरूनच हा जातो. केबलवाल्याचं नेट, एका आयपीमागे अख्खं गाव, तरी चालतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही चाललं. स्टॅटिक आयपी सगळे बंद करून टाकले. पैसे इथेच वसूल झाले, आणि सॉफ्टवेअरला तर दिलेच नव्हते.

लाइट गेली, आली, तरी बघावं लागत नाही, विंडोज सर्व्हिस म्हणून बसवलाय त्यामुळे आपला आपण परत जोडला जातो. वेळ लिहिताना मिनिटाच्या जागी एच (H) टाकलं की जॉब, म्हणजे नेमून दिलेली कामं, त्या तासात वेगवेगळ्या मिनिटांवर पसरतात, सगळ्या शाखा एकदम लाइनवर तुटून पडत नाहीत. सर्व्हर भाड्याचा आणि यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर) असेल तर शेड्युलच्या पहिल्या ओळीत टीझेड (TZ, टाइम झोन) म्हणून एशिया/कोलकाता द्या, नाहीतर रात्री दोनचा बॅकअप सकाळी साडेसातला लागेल.

आता रडगाणं. आमच्या एका शाखेत शिपाईमामा कुलूप लावताना मेन स्विच खाली करून जातात, कितीही सांगा, त्यांच्या मते रात्री वीज चालू ठेवणं म्हणजे उधळपट्टी. एजंट ऑफलाइन. पण जॉब फेल होत नाही हो! एजंट कधी येतोय याची वाट बघत रांगेत बसून राहतो, लाल नाही, मेल नाही, काही नाही. सकाळी कॅशियर मॅडम पीसी चालू करतात, एजंट जोडला जातो आणि रात्रीचा बॅकअप ऐन गर्दीत सुरू. पासबुक प्रिंटर अडलेला, काउंटरवर आजोबा वैतागलेले, फोन मला. तुम्ही म्हणाल पाइपलाइनला (जॉबच्या पायऱ्या लिहिलेली स्क्रिप्ट) टाइमआउट लाव, म्हणजे ठराविक वेळेनंतर जॉब आपोआप थांबेल. लावला होता. पण एजंट पाइपलाइनच्या वरच्या पातळीवर दिला असेल तर आधी एजंट मिळतो आणि मग टाइमआउटचं घड्याळ सुरू होतं, वाट बघण्याचा वेळ त्यात धरतच नाहीत. डॉक्युमेंटेशनमध्ये आहे हे, अगदी स्पष्ट आहे, पण कोपऱ्यात.

यासाठी मी दोन स्टार कापणार होतो, आता एकच कापतो, कारण उपाय निघाला. वर एजंट नन (none, म्हणजे कुठलाच नाही) ठेवायचा, खरा एजंट स्टेजमध्ये, म्हणजे पाइपलाइनच्या आतल्या टप्प्यात द्यायचा आणि टाइमआउटही त्याच स्टेजच्या ऑप्शन्समध्ये, मग घड्याळ एजंट मिळायच्या आधीपासून चालतं. तरी मेल येईना, कारण टाइमआउट झालेला जॉब फेल्युअर नसतो, अबॉर्टेड असतो, आणि मेल आपण टाकलेला असतो फेल्युअरखाली! तो अबॉर्टेडखालीही टाका. आता पहाटे मेल येतो आणि मामांना फोन जातो.

बाकी जावाची कटकट आहे. जेन्किन्सच्या २.४७९.१ या एलटीएसपासून (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती), म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून, सर्व्हरवर किमान जावा १७ लागायला लागलं आणि एजंटवरही, म्हणजे प्रत्येक शाखेत हात घालणं आलं. चार जीबी रॅमच्या पीसीवर तो जावा थोडा जड जातो. आणि जॉब एडिट करायचा हक्क ज्याच्याकडे, तो शाखेच्या पीसीवर वाट्टेल ती कमांड चालवू शकतो, म्हणून सर्व्हिसला साधं युजर अकाउंट द्या, अ‍ॅडमिन नको.

एका शाखेत अजून विंडोज सेव्हन आहे. तिथे या भानगडीत पडलोच नाही, टास्क शेड्युलर आणि बॅच फाइल, झालं. नवीन पीसीचा अर्ज येत्या मीटिंगला ठेवलाय, स्टॅटिक आयपीचे वाचलेले पैसे त्याच कागदावर मांडून.