सीओआय, अख्खा मायटोजीनोम की केंद्रकातला डीएनए? प्रकल्प ठरवण्याआधी

सोलापुरात झूलॉजीतून एमएस्सी करताना डीएनएवरून प्राण्यांची उत्क्रांती अभ्यासायची ठरवलीत, तर लगेच तीन वाटा पुढे येतात: मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातलं) सीओआय हे एकच जनुक, मायटोकॉन्ड्रियाचा सगळा डीएनए म्हणजे पूर्ण मायटोजीनोम, किंवा पेशीच्या केंद्रकातला डीएनए. बहुतेक जण आधी खर्च विचारतात. माझ्या मते आधी विचारायला हवं ते असं: ज्या दोन प्राण्यांची तुलना करायची आहे, ते एकमेकांपासून कधी वेगळे झाले?

जात ओळखायची असेल तर सीओआय पुरेसं आहे. पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये बारकोड म्हणून सुचवलेला 658 अक्षरांचा (ए, टी, जी, सी ही डीएनएची अक्षरं) हा तुकडा सँगर पद्धतीने एका खेपेत वाचून होतो. उजनीतला मासा किंवा नान्नजच्या माळावरचा नाकतोडा नेमका कोणता, हे त्यावरून बहुतेक वेळा कळतं. पण कुळं आणि गण कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटले. तेवढ्या काळात एकाच जागेवर अक्षर पुन्हा पुन्हा बदलतं आणि जुनी खूण पुसली जाते. सीओआयवर गणांचा वंशवृक्ष उभारू नका.

पूर्ण मायटोजीनोममध्ये बहुतेक प्राण्यांत तीच 37 जनुकं असतात: 13 प्रथिनांची, आणि प्रथिनं बनवायला मदत करणाऱ्या आरएनएची बाकीची, म्हणजे 22 टीआरएनएची व 2 आरआरएनएची. माणसाचा मायटोजीनोम 16,569 अक्षरांचा आहे आणि 1981 मध्येच वाचला गेला. पण मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो जनुकांचा क्रम. कीटक आणि कवचधारी (खेकडे, कोळंबी) या दोन्हींत ल्युसीन या अमिनो आम्लाचा एक टीआरएनए सीओआय आणि त्याच्या पुढचं सीओटू या जनुकांच्या मध्ये येऊन बसलेला आहे. नालखेकड्यात (नावाला खेकडा, पण नात्याने कोळ्यांच्या जवळचा) तो तिथे नाही. अशी उडी दोनदा, अगदी त्याच जागी पडणं अवघड, म्हणून 1998 मध्ये जेफ्री बूर आणि सहकाऱ्यांनी हा कीटक आणि कवचधारी यांच्या जवळच्या नात्याचा पुरावा मानला. गोमांपेक्षा कीटक कोळंबीच्या जवळचे, हे पुढे केंद्रकातल्या जनुकांनीही दाखवलं. अक्षरं पुसली गेली तरी क्रम टिकतो, ही या पद्धतीची खरी ताकद.

अर्थात सगळीकडे नाही. माणसाच्या अंगावरच्या उवेत ही जनुकं वीसेक छोट्या वर्तुळांत विखुरली आहेत. मधमाशीच्या मायटोजीनोममध्ये सुमारे 85 टक्के अक्षरं ए आणि टी आहेत. असे दोन दूरचे प्राणी केवळ अक्षरांच्या या कलामुळे झाडावर शेजारी येऊ शकतात.

मोठी अडचण मात्र वेगळी आहे. मायटोजीनोम आईकडून येतो, म्हणून तो फक्त मातृवंश सांगतो. ध्रुवीय अस्वलं मायटोकॉन्ड्रियावरून तपकिरी अस्वलांचीच अलीकडची फांदी वाटत होती. केंद्रकातल्या डीएनएने ती स्वतंत्र आणि बरीच जुनी शाखा असल्याचं दाखवलं. जुन्या संकरातून मायटोकॉन्ड्रिया इकडून तिकडे गेले होते. आपल्या माळरानावरच्या लांडग्याचा वंश वेगळा आणि जुना आहे, हे आधी मायटोकॉन्ड्रियाने सुचवलं, पण ते पक्कं मानायला 2021 चा संपूर्ण जीनोमचा अभ्यास लागला. संकराची शक्यता असेल तिथे केंद्रकाला पर्याय नाही. त्याला पैसा आणि संगणकाची ताकद दोन्ही जास्त लागतात, आणि लांडगा किंवा माळढोक घ्यायचा तर वनविभागाची परवानगीही.

वर्षभराच्या प्रकल्पासाठी मी मधली वाट सुचवेन. जीनबँक या डीएनएच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात हजारो मायटोजीनोम फुकट आहेत. एक गण निवडा, तुलनेसाठी त्याबाहेरचा एक शेजारचा गट (आउटग्रुप) घ्या, माइटोस या जनुकं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमवर जनुकं पुन्हा तपासा, आयक्यू-ट्री या प्रोग्रॅमवर वंशवृक्षाचं झाड काढा आणि जनुकांचा क्रम स्वतंत्रपणे मांडून पाहा. साध्या लॅपटॉपवर हे होतं. त्याच जातींचं केंद्रकातलं एखादं जनुक उपलब्ध असेल तर त्याचंही झाड काढा. दोन झाडं जिथे जुळत नाहीत, त्या फांदीवरच प्रबंधाचं मुख्य प्रकरण लिहा. स्वतः सीओआय वाचणार असाल तर मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी तीन अक्षरांची खूण) येतो का ते बघा. आला तर तुमच्या हाती बहुधा केंद्रकात शिरलेली जुनी नक्कल आहे, आणि तो नमुना बाजूला काढायला हवा.