ब्रश कटरच्या झिजलेल्या भागांना अराल्डाइट: कुठे धरतं, कुठे सोडतं

पाऊस ओसरला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणी सुरू होते आणि कोपऱ्यात पडलेला ब्रश कटर, म्हणजे गवत-झुडपं कापायचं इंजिनाचं मशीन, बाहेर निघतो. दोरी ओढली की स्टार्टरचं कव्हर हलतं, कारण स्क्रूच्या भोकातले आटे गेलेले असतात. थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवायचा, खटका खिळखिळा असतो, कारण पिनेचं भोक लांबट झालेलं असतं. या दोन्ही कामांना अराल्डाइट स्टँडर्ड उत्तम आहे: एका ट्यूबमध्ये रेझिन, दुसरीत हार्डनर, दोन्ही मिसळून लावायचा हा इपॉक्सी गोंद. २०२० पासून हा ब्रँड पिडिलाइटकडे आहे, त्यामुळे फेविकॉल मिळतो त्या दुकानात बहुधा हेही मिळतं.

पाच मिनिटांत सेट होणारं अराल्डाइट क्लिअर सोयीचं वाटतं, पण इंजिनाच्या उष्णतेत ते लवकर ढिलं पडतं. एम-सील खड्डा भरायला चांगलं. मात्र ते कणकेसारखं घट्ट असल्याने प्लास्टिकच्या खरवडीत नीट मुरत नाही आणि हादऱ्यांनी अख्खा गोळा सुटून येतो. स्टँडर्ड हळू सुकतं, म्हणूनच ते प्रत्येक ओरखड्यात उतरतं.

आधी प्लास्टिक ओळखा. कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत पीए सिक्स असं उठवलेलं असेल तर ते नायलॉन. खरवडून लावलं तर चिकटतं. काहीच लिहिलेलं नसेल तर ब्लेडने नखाएवढा कीस काढून साबणाच्या पाण्यात बुडवा. तरंगला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्याला इपॉक्सी धरतच नाही, पुढची मेहनत वाया.

आता गेलेल्या आट्यांचं काम. भोक अर्धा ते एक मिमी मोठं करा; पण भोवतीची भिंत २ मिमीपेक्षा पातळ उरणार असेल तर ड्रिल न मारता आतून टोच्याने खरवडा. दोन-तीन वेळा स्वच्छ फडक्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तेल काढा. टू-स्ट्रोकच्या मशीनवर ऑइलचा थर हमखास असतो, आणि जोड सुटण्याचं पहिलं कारण तोच. अॅसिटोन नायलॉनला चालतं, एबीएस या दुसऱ्या कडक प्लास्टिकला विरघळवतं, म्हणून टाळलेलं बरं.

चार भोकांना दोन्ही ट्यूबमधून मोठ्या शेंगदाण्याएवढा थेंब पुरतो. मापाने समसमान घ्या. वजनाने घेणार असाल तर रेझिन १० भाग, हार्डनर ८ भाग. पांढरट रेषा पूर्ण जाईपर्यंत, किमान तीन मिनिटं, घोटा. हार्डनर जास्त घातलं तर लवकर सुकेल ही समजूत चुकीची: ते कायम मऊ राहतं. टूथपिकने भोकाच्या तळापासून वर भरत या, नाहीतर खाली हवा अडकते आणि स्क्रू आवळताना तिथेच फुटतं. स्क्रूला मेणबत्तीचं मेण चोळा, सरळ उभा दाबून बसवा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी उलटा फिरवला की भोकात नवे आटे उमटलेले दिसतात. पूर्ण ताकदीसाठी मात्र २४ तास द्या, आणि पुढेही साध्या पेचकसाने हातानेच आवळा.

खटक्याच्या लांबट भोकात नुसतं अराल्डाइट भरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पिन फिरते ती इपॉक्सीवर घासते आणि थोड्याच दिवसांत परत तीच ढिलाई. तिथे पितळी बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारी छोटी नळी, हवं. पिन ४ मिमीची असेल तर आतून ४, बाहेरून ५ मिमी व्यासाची पितळी नळी घ्या, भोक साडेपाच मिमीचं करा, म्हणजे भोवती पाव मिमी इपॉक्सी बसतं. नळी बाहेरून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पिनेला व्हॅसलिन लावून ती दोन्ही भोकांतून आरपार घाला आणि तशीच सुकू द्या. नाहीतर भोकं एका रेषेत येत नाहीत आणि खटका अडकतो. खटका अडकला तर थ्रॉटल उघडंच राहतं, त्यामुळे मशीन चालू करण्याआधी तो सोडल्यावर लगेच मागे येतो का, ते दहा वेळा पाहा.

भर पावसात हे काम काढू नका. दमट हवेत हार्डनर ओलावा ओढतं आणि वर चिकट, मेणचट पापुद्रा येतो. आलाच तर साबणाच्या पाण्याने धुऊन घासल्याशिवाय दुसरा हात देऊ नका. हातमोजे घाला, हार्डनरने त्वचेला कायमची अॅलर्जी बसू शकते.

सायलेन्सरजवळ हे टिकत नाही, ६० अंशांच्या पुढे ते मऊ पडू लागतं. पेट्रोलच्या टाकीला लावू नका, टाकी बहुतेक पॉलिथिनचीच असते. आणि गवत कापणाऱ्या दोरीचं हेड, ब्लेडचा अडॅप्टर किंवा गार्डची पकड तडकली असेल तर ती बदलायचीच. मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेणाऱ्या भागाचा तुकडा निसटला तर तो थेट पायावर येतो.