शुगरच्या जखमेवरचं पीडीजीएफ जेल: चार स्टार

पाचवा स्टार किमतीने खाल्ला. ट्यूब बोटाएवढी आणि बिल बघून मामा (माझे सासरे) म्हणाले, "एवढ्यात दोन चादरी आल्या असत्या की गं!"

मामांचं आयुष्य यंत्रमागावर उभं राहण्यात गेलं. शुगर जुनी, पाय बधिर. अंगठ्याखालची जखम दुखलीच नाही, चपलेला रक्त लागलं तेव्हा कळली. डॉक्टरांनी आधी पायाचा रक्तपुरवठा तपासला, मेलेली कातडी कापून काढली, मगच चिठ्ठीवर बेकॅप्लर्मिन ०.०१ टक्के, म्हणजे हे पीडीजीएफ जेल, लिहिलं.

मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यामुळे नाव वाचून उत्सुकता वाटली. पीडीजीएफ (प्लेटलेट-डिराइव्ह्ड ग्रोथ फॅक्टर) हे पेशींची वाढ करवणारं प्रथिन, मुळात आपल्याच प्लेटलेट्समधलं, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या कणांमधलं. औषधासाठी ते यीस्टकडून बनवून घेतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या फायब्रोब्लास्ट (जखम भरून काढणाऱ्या) पेशी प्लेटलेट्समधल्या घटकामुळे विभागतात, हे १९७४ साली दिसलं. नुसत्या प्लाझ्मावर (रक्तातल्या पातळ द्रवावर) त्या गप्प बसतात. पीडीजीएफचा रेणू पेशीवरच्या दोन रिसेप्टरना (निरोप घेणाऱ्या प्रथिनांना) एकमेकांशी जोडतो, तिथून निरोप केंद्रकापर्यंत जातो, झोपलेली पेशी जागी होते आणि काही तासांनी डीएनएची नक्कल सुरू करते. मात्र जागं झाल्यावर पुढे जायला तिला प्लाझ्मातले इतर घटक लागतात, आयजीएफ या दुसऱ्या वाढ-प्रथिनासारखे. जखमेत ते येणार रक्तातूनच. म्हणून पायाला रक्त पोचत नसेल तर हे जेल कितीही चोपडा, पैसे पाण्यात.

चमत्काराची अपेक्षा नको. मोठ्या चाचणीत २० आठवड्यांत जेलवाल्या ५० टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या, औषधाविना नुसतं जेल लावलेल्यांपैकी ३५ टक्के जणांच्या. मामांची भरली, पण त्यात एमसीआर चपलेचा (बधिर पायांसाठीची मऊ रबरी तळाची चप्पल) आणि सासूबाईंच्या धाकाचा वाटा मोठा आहे. "पाय खाली ठेवला तर चहा नाही," असा फतवाच होता.

लावायचं दिवसातून एकदा, पातळ थर, वर सलाईनमध्ये भिजवलेला गॉझ. बारा तासांनी धुऊन पुन्हा नुसता ओला गॉझ. कॅन्सरची भीती घालणारे भेटतील. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये तसा चौकटीतला इशारा दिला होता, २०१८ मध्ये तो काढला. लावायच्या जागी कॅन्सर असेल तर मात्र वापरायचं नाही, आणि बाकी शंका डॉक्टरांनाच विचारा.

आता दुकान. जेल २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि आपल्याकडे सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे. सात रस्त्याजवळच्या एका दुकानात ट्यूब सरळ काउंटरमागच्या फळीवर होती. तिथून पाय काढता घेतला. नवी पेठेतल्या मेडिकलवाल्या काकांनी फ्रिजमधून काढून बर्फाच्या पिशवीत बांधून दिली, वर "घरी लाईट गेली तर फ्रिज उघडू नका" असंही बजावलं. त्यांच्याकडे माल नेहमी नसतो, आधी फोन करून सांगून ठेवा.